मुधोळ कुत्रं बेळगाव भागात घ्यावं का? पिल्लापासून पट्ट्यापर्यंत परीक्षण

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात जातिवंत देशी कुत्र्याचा विषय निघाला की पहिलं नाव मुधोळचं येतं. मागणी मात्र बहुतेकांची एकच असते, मळ्यावर राखण. गडबड तिथूनच सुरू होते. मुधोळ हे लांबवर नजर टाकून सावज हेरणारं आणि वेगानं गाठणारं शिकारी कुत्रं. त्याला गेटला साखळीनं बांधून पहाऱ्याला बसवणं म्हणजे शर्यतीच्या खिल्लाराला दिवसभर दावणीला ठेवून दूध कधी देतोय म्हणून विचारण्यासारखं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. अथणी, रायबाग, गोकाक, हुक्केरी भागात ज्यांचा मळा आहे, मळ्याला नीट कुंपण आहे आणि घरात एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ कुत्र्यासाठी वेळ काढणारा आहे, त्यांनी मुधोळ बेलाशक घ्यावं. बेळगाव शहरात, टिळकवाडीत किंवा शहापुरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी, सकाळी आठला घर बंद करून संध्याकाळी सातला परतणाऱ्यांनी घेऊ नये. खानापूरच्या जंगलालगत राहणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. त्याचं कारण पुढे येईल.

या कुत्र्याचं कूळ मध्य आशिया आणि अरबस्तानाकडच्या सालुकीसारख्या शिकारी कुत्र्यांशी जोडलं जातं. व्यापारी तांड्यांबरोबर, फौजांबरोबर ती दख्खनमध्ये आली आणि इथल्या कोरड्या माळावर रुळली, असं मानतात. ‘कारवानी’ हे नाव त्यातूनच आलं. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपडे घराण्याचं मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्थानिक बेडर शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली, निवडून वीण सुरू केली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव त्या भेटीनंतर रूढ झालं असं सांगितलं जातं. शिवकाळात याच कुत्र्यांनी काय काय केलं याच्या कथा विक्रेते फार रंगवून सांगतात. ऐकायला बऱ्या आहेत, त्यापायी जास्तीचे पैसे मोजू नका.

नावांचा घोळ मात्र समजून घ्यायला हवा, कारण कागदावर तो आडवा येतो. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅराव्हॅन हाउंड’ म्हणून करते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबनं ‘मुधोळ हाउंड’ हे नाव धरलं. प्रदर्शनात कॅराव्हॅन म्हणून फिरवलं जाणारं आणि मुधोळच्या वस्तीवर कानडीत ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारी कुत्रं, म्हणून ओळखलं जाणारं जनावर एकच. कान, शेपटी आणि पायांवर रेशमासारखे लांब केस असतील तर त्याला ‘पश्मी’ म्हणतात. काही जण ती वेगळी जात मानतात, काही जण याच कुळातला केसाळ प्रकार. पाळणाऱ्याच्या दृष्टीनं फरक एवढाच, की पश्मीच्या केसांत कुसळं आणि गोचीड जास्त अडकतात. आपल्याकडच्या पावसात आणि उसाच्या रानात आखूड केसांचं बरं.

आता अंगकाठी. चांगला नर खांद्याशी २६ ते २९ इंच भरतो, मादी दीड-दोन इंचांनी कमी. एवढ्या उंचीला वजन जेमतेम बावीस ते अठ्ठावीस किलो. डोकं लांब आणि निमुळतं, छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाठ लांब, कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. ही शोभेची ठेवण नाही. खोल छातीत मोठी फुप्फुसं आणि हृदय मावतं, लवचिक कण्यामुळे चारी पाय पोटाखाली गोळा होऊन पुन्हा सुटतात, आणि चरबी नसल्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. याच ठेवणीतून त्याच्या अडचणीही निघतात. थंडी लागते, कातडी चटकन फाटते, कडक जमिनीवर बसून कोपरांना घट्टे पडतात आणि भुलीची काही औषधं जड जातात.

शेजारपाजारचे हमखास म्हणतात, “कुत्रं उपाशी ठेवता काय?” त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं आणि कमरेच्या हाडांची टोकं हाताला लागणं हे निरोगी मुधोळचं लक्षण आहे. कण्याचा मणका न् मणका मोजता आला, मांड्या आत गेल्या, तर मात्र जंत किंवा उपासमार समजावी.

स्वभावाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हे कुत्रं घरच्या एक-दोन माणसांना जीव लावतं आणि बाकीच्यांपासून चार हात लांब राहतं. अनोळखी माणसानं डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. भुंकतं कमी. चोर आला तर ते दुरून बघेल, अंग चोरून बाजूला होईल, कदाचित गुरगुरेल. अंगावर धावून जाणं त्याच्या रक्तात नाही. कोपऱ्यात अडकवलं तर भीतीनं चावतं, आणि भीतीनं चावणारं कुत्रं सांभाळायला सगळ्यात अवघड. म्हणून तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात पिल्लाला माणसं, मुलं, ट्रॅक्टर, मोटारसायकल, छत्री, गणपतीतले ताशे या सगळ्यांची ओळख करून द्यावी लागते. तो काळ खुराड्यात गेला, तर पुढे कितीही लाड केले तरी बुजरेपणा पुरता जात नाही.

सैन्यात गेलं म्हणून घरात घ्यायचं, हा अलीकडचा प्रकार. बातम्या खऱ्या आहेत. २०१६ मध्ये मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात मुधोळ पिल्लांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि देशी जातीला सैन्याच्या कामात पहिल्यांदा जागा मिळाली. पुढे हवाई दलानं धावपट्टीवरचे पक्षी हुसकायला मुधोळ घेतली. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं आणि मागणी एकदम उसळली. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या एसपीजीनं मुधोळ तालुक्यातल्या तिम्मापूरच्या श्वान केंद्रातून दोन पिल्लं नेली. २०२४ च्या लखनौच्या अखिल भारतीय पोलीस मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची ‘रिया’ ही मुधोळ कुत्री विदेशी जातींना मागे टाकून पहिली आली. पण ही कुत्री पिल्लूपणापासून एका हाताखाली, रोज ठरलेल्या तासांना, पगारी माणसानं शिकवलेली असतात. आणि कामं बघा कुठली आहेत: माग काढणं, हुंगून शोधणं, पाखरं उडवणं. दारात बसून पोस्टमनवर भुंकणं त्या यादीत नाही.

मग राखणीला काय घ्यावं? याचं उत्तर कुत्रं मुळात कशासाठी घडवलं गेलं यात असतं. डॉबरमन एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या, डॉबरमन याच नावाच्या करवसुली करणाऱ्या माणसानं स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केलं. माणसाच्या अंगावर जाणं त्याच्या घडणीतच आहे. रॉटवायलर हे रॉटवाइल गावच्या खाटकांचं, गुरं हाकणारं आणि गाडीला जुंपलं जाणारं कुत्रं. ताकद अफाट, पण नवख्याच्या हातात धोका. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं त्यात रॉटवायलर होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केलं, पण चावा घेतल्यावर मालकाची जबाबदारी काही रद्द झालेली नाही. जर्मन शेफर्ड, आपल्याकडे अजून ज्याला अल्सेशियन म्हणतात ते, १८९९ पासून माक्स फॉन श्टेफानित्स यांनी मेंढपाळी कुत्र्यांतून बांधलं. शिकायला सर्वांत सोपं, पण दाट केसांमुळे अथणीच्या उन्हाळ्यात हाल होतात आणि खुब्याचे सांधे कमकुवत असलेली वीण बाजारात फार आहे. लॅब्रडॉर न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून आलं. जाळी ओढायची, मासे आणून द्यायचे हे त्याचं काम. चोरालाही ते वस्तू आणून देईल. देशी हवी असेल तर राखणीला तमिळनाडूचं राजापालयम मुधोळपेक्षा उजवं. फक्त पांढरंशुभ्र पिल्लू घेताना मागून टाळी वाजवून कान तपासा, त्या रंगाबरोबर बहिरेपणा येऊ शकतो.

आणि खरं सांगायचं तर मळ्याच्या राखणीला गावठी कुत्र्यांची जोडी पुरते. अथणी-रायबागच्या माळावरून दख्खनी मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगरांबरोबरची कुत्री बघा. कुठल्या क्लबात नोंद नाही, नावही ठेवलेलं नसतं, आणि रात्रीच्या वाड्याभोवती लांडगा फिरकू देत नाहीत. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. त्या नावाचं विदेशी कुत्रं आपल्याकडे बंगल्याच्या गेटला असतं आणि मेंढपाळाचं काम बिननावाचं कुत्रं करतं. जोडीचा फायदा असा, की एक भुंकतं आणि दुसरं फिरतं. दोघांची नसबंदी आणि रेबीजची लस केली की खर्च तिथंच थांबतो.

तरीही मुधोळच हवं असेल तर मिळण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली, मुधोळ तालुक्यातल्या तिम्मापूरचं श्वान संशोधन व माहिती केंद्र. ते बिदरच्या कर्नाटक पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत चालतं. बेळगावहून गोकाक-महालिंगपूर मार्गे गेलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. केंद्राची जमेची बाजू म्हणजे आई-बाप समोर बघायला मिळतात, कुठल्या नरापासूनची वीण हे सांगता येतं आणि लसीचा कागद खरा असतो. उणी बाजू म्हणजे वाट बघणं. पिल्लं हवी तेव्हा तयार नसतात. आधी फोन करून, नाव नोंदवून जावं. रविवारी सहज म्हणून जाऊन पिल्लू काखेत घेऊन परतायची ही जागा नाही. पारख करायला शिकण्यासाठी मात्र, विकत न घेताही, एकदा जरूर जाऊन यावं. पन्नास छायाचित्रांनी कळत नाही ते दहा कुत्री समोर उभी राहिली की कळतं.

दुसरी वाट, मुधोळ-लोकापूर भागातली पिल्लं विकणारी कुटुंबं. इथं चांगलंही मिळतं आणि मिश्रणही. गावोगावच्या श्वानशर्यतींमुळे ग्रेहाउंडचं रक्त बऱ्याच ठिकाणी शिरलंय. ते पळायला जोरकस, पण आपल्या उन्हाला आणि खडकाळ जमिनीला मुधोळइतकं टिकत नाही. ओळखायचं कसं? मुधोळचे कान त्रिकोणी आणि डोक्याला लगटून खाली लोंबतात. ग्रेहाउंडचे लहान कान दुमडून मागे मानेकडे जातात. पिल्लात हे नीट कळत नाही, म्हणून आई बघायची. बापाचा फोटो दाखवणारे पुष्कळ, आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. आईला हात लावू नका, नुसतं बघा: मालकाच्या आवाजाला येते का, कोपऱ्यात थरथरत बसते का, अंगावर खरूज आहे का. आई बुजरी असेल तर पिल्लाचं बुजरेपण तिथूनच आलं समजा.

तिसरी वाट, शहरातले दलाल आणि मोबाइलवरच्या जाहिराती. ही टाळावी. पिल्लू घरपोच येतं, सोबत पार्व्होही येतो, म्हणजे उलट्या-हगवणीनं पिल्लं मारणारा विषाणू.

वय तपासायला विक्रेत्याच्या शब्दापेक्षा दात खरे. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात आणि आठ आठवड्यांपर्यंत सगळे अठ्ठावीस आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे आहेत, पण मागच्या दाढा हिरडीतून पूर्ण वर आलेल्या नाहीत, तर पिल्लू पाच-सहा आठवड्यांचंच आहे. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, अठरा महिन्यांखालच्या मादीची वीण घेता येत नाही, आणि पिल्लं विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक विचारला की निम्मे विक्रेते विषय बदलतात. लवकर तोडलेल्या पिल्लाचं नुकसान दुहेरी होतं. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरायच्या काळातच प्रवास आणि नवं घर येतं, आणि भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे शिकायचं राहून जातं.

बाकी पाहणी पाच मिनिटांची. हिरड्या गुलाबी, नाक-डोळे कोरडे, शेपटीखालची जागा स्वच्छ. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि बाकी अंग वाळलेलं असेल तर जंत. नराचे दोन्ही अंड खाली उतरलेत का बघा. तोंड मिटून ओठ वर करा, वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसायला हवेत. पुढचे पाय समोरून सरळ हवेत, मनगटाचा सांधा गाठ आल्यासारखा जाड नको.

या जाड सांध्यावर थोडं थांबू, कारण आपल्या भागात पिल्लं बिघडतात ती याच पायी. दूध-चपाती, दूध-भात, वरून एखादं बिस्कीट, असं घरोघरी घातलं जातं. दुधात कॅल्शियम असतं म्हणून सगळे निर्धास्त. हिशोब मांडून बघा. वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरीमागे दोन ते तीन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि दहा किलोचं पिल्लू दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी खातं. गाईच्या एक लीटर दुधात कॅल्शियम सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे निव्वळ दुधावर भागवायचं तर दोन लीटर पाजावं लागेल, आणि तेवढ्यानं पिल्लाला हगवण लागेल. नुसतं मांस घातलं तर आणखी बिघडतं, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. परिणाम म्हणजे चौथ्या महिन्यात पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात, पंजे पसरतात आणि ज्या कुत्र्याचा सगळा पैसा पायांत आहे ते पायांतूनच जातं. उपाय सोपा: सात-आठ महिन्यांपर्यंत पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, किंवा घरचं द्यायचं तर कॅल्शियमची पावडर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. तयार खाद्य आणि वर पावडर असं दोन्ही नको. जास्तीचं कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा खायला द्या. पूर्ण वाढलेल्या पंचवीस किलोच्या मुधोळला साधारण बाराशे कॅलरी लागतात. जोंधळ्याच्या दोन मध्यम भाकऱ्या, पाव किलो कोंबडीचं मांस, एक अंडं आणि थोडा शिजवलेला भोपळा किंवा गाजर यात त्या बसतात. तयार खाद्य असेल तर साडेतीनशे ग्रॅम. रोज खूप पळणाऱ्याला चौथाई वाढवा. शिजवलेली हाडं देऊ नका, ती सुळ्यासारखी फुटून आतड्यात रुततात. जेवणाच्या आधी आणि नंतर एकेक तास पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय पण बाहेर काही येत नाही, बसू की उठू कळत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तासांचा प्रश्न असतो.

आपल्या भागाचे दोन खास धोके. अथणी-तेलसंग पट्ट्यात द्राक्षं आणि बेदाणा घरोघरी असतो. द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि बेदाण्यात ती आटवलेलीच असतात. निपाणीकडे तंबाखू. वाळत घातलेल्या पानांत पिल्लू तोंड घालतं आणि निकोटीननं लाळ गळणं, उलट्या, थरथर सुरू होते. दोन्हींत घरगुती उपाय करत बसायचं नाही.

कुंपण सहा फुटांचं हवं. चार फुटांवरून मुधोळ उभ्या उभ्या जातं. आणि काटेरी तार नको. सशामागे सुटलेल्या कुत्र्याला तार दिसत नाही, आणि त्याची पातळ कातडी कापडासारखी टराटरा फाटते. जाळीचं कुंपण चांगलं. तारच असेल तर आतून तीन फुटांपर्यंत शेडनेट बांधा म्हणजे अडथळा नजरेला दिसतो. सशाचं निघालं म्हणून सांगतो, कुत्रं सोडून ससा मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मळ्यातला ससा असला तरीही.

साधा पट्टा मुधोळच्या गळ्यात राहत नाही, कारण डोकं मानेपेक्षा अरुंद. मागे रेटा दिला की पट्टा डोक्यावरून निसटतो आणि कुत्रं हायवेवर. चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि ओढल्यावर थोडाच आवळणारा पट्टा घ्या. लांब दोरीला बांधून ठेवणं सर्वांत वाईट. दोन-तीन उड्यांत ते पूर्ण वेगात येतं आणि दोरी संपते तिथं मानेला झटका बसतो. मोटारसायकलला बांधून पळवायचा प्रकार तर बंदच करायला हवा. वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात आणि डांबरी रस्त्यानं तळव्यांची साल निघते. बंदिस्त जागेत सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं मोकळं पळू द्या, जोडीला पट्ट्यावर चालणं. एवढं मिळालं की घरात ते दिवसभर गादीवर पडून असतं, कुणाला त्रास नाही. ते मिळालं नाही की उशा, चपला आणि शेजारची कोंबडी यांची वाट लागते. कोंबड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन महिन्यांपासून घरच्या कोंबड्यांत वाढवलं तर घरच्या कोंबड्या सोडून देतं. शेजारच्या कोंबड्यांना ही सवलत नसते.

शिकवताना ओरडून काही होत नाही. शेफर्ड ओरडा खाऊन पुन्हा प्रयत्न करतं, मुधोळ ओरडा खाल्ला की कान पाडून बंद पडतं. पाच-पाच मिनिटांचे धडे, हातात उकडलेल्या चिकनचे तुकडे. हाकेला परत येणं सर्वांत आधी, तेही कुंपणाच्या आत. सावज दिसल्यावर ते हाक ऐकत नाही, हे गृहीत धरूनच उघड्या माळावर पट्टा सोडायचा की नाही ठरवा.

मुधोळचा मुलूख कोरडा. बेळगावचा जून ते सप्टेंबर त्याला मानवत नाही आणि खानापूरचा तर मुळीच नाही. ओल्या फरशीवर बसून खरूज, बोटांच्या बेचक्यात बुरशी, कोपरांना जखमा. जमिनीपासून अर्धा फूट उंच फळी, वर जाड गोधडी आणि बाहेरून आलं की पाय कोरडे पुसणं, एवढं केलं तर निभावतं. पाणी साचणाऱ्या, उंदरांच्या भागात लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराचं, संरक्षण असलेली लस मागून घ्या. जंगलालगतच्या वस्त्यांवर बिबट्या कुत्र्यासाठीच येतो, आणि अंगणात बांधलेलं मुधोळ पळूही शकत नाही. रात्री दार लागणारी खोली असेल तरच तिकडे न्या.

लसींचं वेळापत्रक सगळ्या जातींना सारखंच: सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांना आणि मग दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी. गोचीडतापाकडे मात्र आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. खाणं सोडलं, ताप, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त, असं दिसलं की रक्ततपासणी करून घ्या. एर्लिकिया, म्हणजे गोचीडतापाचे जंतू, निघाले तर गोळ्यांचा कोर्स चार आठवड्यांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारू लागतं म्हणून गोळ्या बंद करणारे लोक महिन्याभरानं परत त्याच दारात उभे असतात.

नसबंदी किंवा टाके असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, की हे ग्रेहाउंडसारख्या ठेवणीचं, कमी चरबीचं कुत्रं आहे. थायोपेंटोनसारख्या भुलीतून अशी कुत्री उशिरा जागी होतात. प्रोपोफोल या भुलीच्या दुसऱ्या औषधाची सोय आहे का विचारा, आणि शस्त्रक्रियेनंतर पांघरूण घाला, कारण भुलीखाली अंग लवकर गार पडतं.

पिल्लू आणायला जाताना मुधोळहून परतीचा प्रवास तीन तासांचा धरा. विक्रेत्याला सांगून निघण्याआधी तीन तास खायला देऊ नका, पाणी चालेल. वाटेत गोकाकला थांबाल तेव्हा पिल्लू रस्त्याकडेच्या मातीत उतरवू नका. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होची भीती तिथंच असते. बुट्टीत त्याच्या आईखालच्या फडक्याचा एक तुकडा टाकून आणा आणि पहिले दहा दिवस तेच खाद्य चालू ठेवा जे तिथं चालू होतं. पहिल्या दोन-तीन रात्री रडेल. माणसाच्या खाटेजवळ बुट्टी ठेवली तर चौथ्या रात्री रडायचं थांबतं. अंगणात एकट्याला सोडलं तर रडणं लांबतं, आणि शेजारी येऊन सांगून जातात.